आता रंग सांग

उंबऱ्यावर बसूनच ब्रिजित म्हणते,
ओलं वाजतंय अजून. हलवत राहा.

मी हलवतो.
लोखंडी चट्टीत दोन नारळांचा चव,
मूठभर छोटे कांदे, कढीपत्त्याची डहाळी,
खाली करवंट्यांचा जाळ.
चाळीस वर्षं पूवारच्या मुखातून होडी बाहेर काढली मी,
लाट कुठे फुटणार ते पाठीला कळायचं,
आणि चूल म्हणजे
परत आल्यावर जिच्याशेजारी लुंगी वाळते ती जागा.

तिचे डोळे साखरेने नेले.
आधी सुईचं नेढं गेलं,
मग बसची पाटी,
मग, ती म्हणते, तुझ्या मिशा.
शहरातल्या डॉक्टरने बॅटरीचा झोत मारला
आणि कागदावर बराच वेळ लिहीत बसला.

शारजाहून मुलगी सांगते, पाकिटात मिळतो गं भाजलेला मसाला.
मिळू दे, म्हणते ब्रिजित.

आवाज बदलला.
मला नाही कळला, तिला कळला.
कोरड्या वाळूवरून जाळं ओढावं तसं वाजतंय बघ,
आच कमी कर,
इथून पुढे नारळ कुणाचा नसतो.

दोन करवंट्या बाहेर ओढतो. बोट भाजतं.
बोलत नाही.

आता रंग सांग.

मला समुद्राचे सांगता येतात.
गढूळ, पोपटी,
शाईसारखा झाला की वल्हं फिरवायचं.
नारळाचा काय सांगू?
म्हटलं, भिजलेल्या काथ्याच्या दोरीसारखा.
थांब अजून.
म्हटलं, अंतोणीच्या कुत्र्यासारखा.
कुठला, आहे तो की मेला तो?
मेला तो.
मग थोडंच राहिलं.
म्हटलं, नांगराच्या गंजासा...
उतरव! अरे उतरव माणसा!

उतरवला.
पण लोखंड कुठे ऐकतं, जाळ नसला तरी ते भाजतच राहतं.
तिने नाक वर केलं, काही म्हणाली नाही,
धणे, मिरची, मेथीचे चार दाणे
माझ्या तळहातावर मोजून ठेवले.

पाट्यावर बसलो.
आयुष्यभर किनाऱ्यावर मासळी वाटली, पाच वाटे, सहा वाटे,
कुणाला कमी नाही.
नारळ ती वाटायची.
तिला काय वाटतं ते विचारायचं राहिलंच.
वरवंटा वल्ह्यापेक्षा जड आहे, हे मी कुणाला सांगणार नाही.
तेल सुटेपर्यंत, ती म्हणते.
सुटलं का?
नाही.
मग का थांबलास?

बांगडे विकतचे.
ज्या स्टेलाला मी टोपलीभर उधार द्यायचो
तिनेच आज मोजून सहा दिले आणि सुट्टे पैसे मागितले.
चिंचेचा कोळ, हळद, पाणी,
मातीच्या भांड्यात वाटण काळंभोर उकळू लागलं.
मासे सोडले.
मी डाव उचलला तर
तिच्या बांगड्यांचा आवाज आला,
हात हवेतच पसरलेला.
डाव नाही. मोडतील.
भांडंच धर दोन्ही कडांना आणि डोलव,
होडी डोलते तसं.

हे मला येतं.

फडक्याने धरलं, गुडघे वाकवले, डोलवलं.
मासे एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर.
एकही तुटला नाही.
एवढंच काय ते आजचं माझं.

थेंब तिच्या तळहातावर ठेवला. तिने चाटला.
कडवट आहे. नारळ.
हो.
उद्यापर्यंत मुरेल थोडं. मरचीनी उकडलीस?
उकडली.
मग तिने विचारलं,
रश्शाचा रंग कसा आलाय?

बघत राहिलो.
म्हटलं, जोराच्या पावसानंतर नेय्यार समुद्रात शिरते ना,
सगळी तांबडी माती घेऊन,
आणि दोन पाण्यांच्या मध्ये एक रेघ दिसते,
तू पहिल्यांदा होडीत बसली होतीस
आणि काठ घट्ट धरून विचारलं होतंस,
हे मिसळत का नाही?
ती रेघ कडेला आलीय. तेलाची.

ती गप्प.

बरं, म्हणाली.
मग झालंय. मीठ बघ.